पातळ ताईचा तुकडा

आमच्या लॅबमध्ये तिला सगळे ‘पातळ ताई’ म्हणायचे. बाई चांगली ऐसपैस. नाव पडलं ते तिच्या कापांमुळे. रोग्याच्या गोठवलेल्या स्नायूचा केसाहूनही पातळ काप ती यंत्रावर असा काढायची, की तिच्याहून सहा वर्षांनी जुना असलेला मी तोंडात बोटं घालायचो. कबूल मात्र कधी केलं नाही. वॉर्डातल्या नर्सेस तिला टरकून असत. स्नायूचा तुकडा ओल्याचिंब गॉजमध्ये गुंडाळून आला, की ती फोनवरूनच एकेकीला सोलून काढायची. पाणी राहिलं की गोठताना त्याचे बर्फाचे कण होतात आणि तंतूंना भोकं पाडतात, हे तिने प्रत्येकीकडून घोकून घेतलं होतं.

त्या दुपारी तुकडा आला तो तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या दंडाचा. घरच्या माणसाचं काम आपण करायचं नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता. मी हात पुढे केला. तिने तुकड्याची डबी दिली नाही. मी चिडलो, हट्टी आहेस म्हणालो आणि बाजूला झालो. तिथेच डबी हिसकावून घ्यायला हवी होती, याची मला आजही लाज वाटते.

धाकटी शाळेत शिकवायची. हात वर जातो तो खांद्याच्या स्नायूंतले बारीक धागे एकमेकांत सरकून आखडतात म्हणून. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही, आणि तिचं ओढणंच संपत चाललं होतं. आधी फळ्याच्या वरच्या ओळी सुटल्या, मग जिने. आठवडाभर पाणी पितानाही ठसका लागत होता, आणि श्वास ओढणारा छातीखालचा पडदाही शेवटी स्नायूच. त्यांचे वडील असेच अकरा वर्षं अंथरुणाला खिळून गेले होते. घराण्यातलाच रोग, असं नातेवाइकांनी ठरवून टाकलं होतं. तसं असलं तर औषध नाही, आणि उद्या धाकटीच्या मुलीच्या, कदाचित ताईच्याही वाट्याला तेच. पण नुसती सूज असली तर स्टिरॉइडचा भारी डोस देऊन ती थोपवता येते. डोस सुरू करायचा की नाही, हे डॉक्टरीणबाई चार वाजता स्लाइड बघून ठरवणार होत्या. तुकडा होता शेंगदाण्याएवढा. इतक्या अशक्त बाईला पुन्हा टेबलावर घेणार नाही, असं सर्जननी निक्षून सांगितलं होतं.

ताईने तुकडा गोठवला, काप काढला, रंगवला आणि मायक्रोस्कोपला डोळे लावले. मग मला बघता यावं म्हणून बाजूला सरकली.

निरोगी स्नायू आडवा कापला की तंतूंचे गठ्ठे दिसतात. खोक्यात दाबून बसवलेल्या पेन्सिलींसारखे, प्रत्येक गठ्ठ्याला त्याचं वेष्टण. इथे प्रत्येक तंतूची चाळणी झाली होती. रोग कुठला आणि बर्फाचं भोक कुठलं, काही कळत नव्हतं.

“वाळेल म्हणून सलाइन टाकलं,” ती म्हणाली, “आणि टिपायचं राहिलं.”

नवख्या पोरीकडून होणार नाही अशी चूक. पण तोंड सोडून काय मिळणार होतं? पावणेतीन झाले होते. मार्ग एकच होता: तुकडा वितळू द्यायचा आणि पुन्हा गोठवायचा. मी ते दोनदा केलं होतं. एकदा जमलं, एकदा तुकड्याचा लगदा झाला. दोन्ही तिला सांगितलं.

“तुम्ही करा,” ती म्हणाली.

“माझे हात थरथरतात हल्ली. तूच कर, मी गोठवायच्या द्रवाचा पेला बघतो.”

खडूसारखा पांढरा तुकडा काचेवर हळूहळू गुलाबी झाला. तिने टिपकागदाने तीनदा टिपला. द्रवरूप नायट्रोजनच्या भांड्यात उतरवलेल्या पेल्यातला द्रव तळाशी घट्ट होऊ लागेपर्यंत थांबायचं होतं. तुकडा त्याआधी बुडवला तर पुन्हा तीच भोकं. तिचा चिमटा पेल्यावर तसाच धरलेला.

“आता,” मी म्हणालो.

नवा काप काचेवर चढला तेव्हा भोकं एका कडेला तेवढी उरली होती. बाकी तंतू स्पष्ट दिसत होते. त्याचा अर्थ लावणं आमचं काम नव्हे, म्हणून स्लाइड डॉक्टरीणबाईंकडे नेली.

डॉक्टरीणबाईंनी डोळे लावायच्या आत ताईने सांगून टाकलं, की तुकडा दोनदा गोठवलाय आणि चूक आपली आहे. बाईंनी मान हलवली आणि बघत राहिल्या. गठ्ठ्यांच्या कडेचे तंतू सुकलेले, भोवती निळ्या पेशींची गर्दी.

“ही सूजच आहे,” त्या म्हणाल्या. “घराण्यातलं काही नाही.” आणि डोस सुरू करायला सांगण्यासाठी त्यांनी वॉर्डला फोन लावला.

मला इतकं हलकं वाटलं, की ताईला आयुष्यात पहिल्यांदाच शाबास म्हणालो. जा, बहिणीला सांग, असंही म्हणालो. ती उठेना. स्टुलावर बसून यंत्राकडे बघत होती.

“बाबा अकरा वर्षं पडून होते,” ती म्हणाली. “त्या अकरा वर्षांत मी इथे रोज लोकांचे तुकडे कापत होते. बाबांचाही तुकडा काढून बघा, सूजही असेल, असं एकदाही कुणाला म्हणाले नाही.”