खिळ्यावरचा कप

“डाक्टर आते माले रागे भरत नही,” दाजी म्हणाले आणि खिडकीकडे बघत राहिले. दवाखान्यातली दुपार होती, मी त्यांच्यासाठी मोसंबी सोलत होतो. आधीच्या आठवड्यापर्यंत तो तरुण डॉक्टर त्यांना रोज झापायचा. कधी तंबाखूवरून, कधी गोळ्या उशीखाली लपवल्या म्हणून, कधी उठून चार पावलं चालत नाहीत म्हणून. त्याची पाठ वळली की दाजी त्याची नक्कल करायचे. आता तो यायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि गुजरातीत म्हणायचा, “काका, जे भावे ते खाओ.” काका, आवडेल ते खा. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण आणि दाजींची बायको, खूश होती. डॉक्टर किती गोड बोलतात, हे ती शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईला सांगत होती. माझा हात मात्र मोसंबीवरच थांबला. ज्यानं रागवायचं तोच रागवेनासा झाला की काय समजायचं, हे मला याच माणसानं शिकवलं होतं. “मंग?” मी विचारलं. “मंग काय… हुशार ऱ्हानं,” ते म्हणाले, म्हणजे सावध राहायचं, आणि फोडीसाठी हात पुढे केला. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. सुतक फेडणारी गंधमुक्ती होऊन आता काही आठवडे झाले, भेस्तानच्या घरातली पाहुण्यांची गर्दी ओसरली, म्हणून लिहायला बसलो आहे.

दाजी अमळनेरकडचे. लग्नानंतर सुरतेला आले, आधी बमरोलीत एका खोलीत संसार मांडला, मग त्याच शहरात भेस्तानला राहायला गेले. आमचे वडील गेले तेव्हा मी नुकताच बारावी झालो होतो. गावात करण्यासारखं काही नव्हतं आणि मला काही येतही नव्हतं. अक्कानं बोलावून घेतलं. दाजी पलसाण्याच्या एका मिलमध्ये स्टेंटरवर होते. स्टेंटर म्हणजे रंगवलेलं ओलं कापड दोन्ही काठांनी पकडून, ताणून, गरम हवेतून वाळवत नेणारं लांबलचक यंत्र. उन्हाळ्यात त्याच्याजवळ उभं राहणं ही शिक्षाच असते. दाजींनी खात्याच्या प्रमुखाला, मास्टरला सांगून मला त्याच यंत्राच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. पुढच्या तोंडाला ते, मागच्या तोंडाला मी, आणि मधून दिवसभर कापड वाहतंय. आवाजात बोलता यायचं नाही. ते हात वर करायचे, मी हात वर करायचो, एवढंच आमचं बोलणं. खरं शिकवणं व्हायचं ते येता-जाता मिलच्या गाडीत.

यंत्राबद्दल ते कमी बोलायचे, माणसांबद्दल जास्त. गाडीतले लोक त्यांना ‘ज्योतिषी’ म्हणून चिडवायचे. कोणाची नोकरी डळमळायला लागली हे त्यांना त्या माणसाच्या आधी कळायचं. “तुन्हा मास्तर तुले आते शिव्या देस का?” हा त्यांचा पहिला प्रश्न. समोरचा फुशारकीनं सांगायचा, हल्ली नाही देत, हल्ली चांगला वागतो. दाजींचा चेहरा पडायचा. ज्याला ठेवायचं असतं त्याला माणूस सुधारत बसतो, ज्याला काढायचं ठरलं त्याच्यावर कशाला घसा कोरडा करेल, असं त्यांचं म्हणणं. जास्तीच्या पाळीला थांबतोस का, हे विचारणं बंद झालं… नवा माणूस आणून ‘जरा बघू दे’ म्हणून शेजारी उभा केला… पगारवाढीवर नेहमी हुज्जत घालणारा सेठ नुसता मान डोलवायला लागला… यातलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. मला या सगळ्याचा कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. विशीत कोणाला असलं ऐकायचं असतं? पण त्यांचे उपाय साधे असायचे आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. रागाच्या भरात ‘राहिली तुमची नोकरी’ म्हणू नको, ते ऐकायला लोक टपलेलेच असतात. कोऱ्या कागदावर सही करू नको. नव्या माणसापासून काम लपवू नको, उलट नीट शिकव. लपवणाऱ्याला काढताना कोणाला वाईट वाटत नाही. आणि दुसरं एखादं यंत्र शिकून ठेव, म्हणजे एका दारातून ढकललं तर दुसऱ्या दाराशी उभं राहता येतं.

आणि आखाजीला जपायचं. अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशी लोक आखाजी म्हणतो. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, आणि सुरतेतल्या आमच्या वस्त्या ओस पडतात. आखाजीला लागूनच लग्नसराई. माणूस चार दिवस सांगून जायचा आणि महिनाभर तिकडेच रमायचा. हे मास्टर लोकांना पाठ होतं. ज्याला काढायचं त्याच्याशी भांडायची गरजच नसे, तो गावी जायची वाट बघितली की झालं. आमच्या खात्यात यासाठी एक रीत पडली होती. चहा मोठ्या किटलीतून यायचा आणि प्रत्येकाचा कप आपापला. भिंतीला ओळीनं खिळे, खिळ्यांना कप अडकवलेले. गावी जाणारा आपला कप खिळ्यावरच ठेवून जायचा आणि त्याच्या जागी उभा राहणारा बदलीवाला त्याच कपातून चहा प्यायचा. बदलीवाल्यानं स्वतःचा कप आणायचा नाही. दुसऱ्याच्या कपातून पितोय तोवर तो दुसऱ्याच्या जागेवर आहे, हे त्यालाही आठवत राहायचं आणि बघणाऱ्यांनाही. “गावहून उना का पहिले खिया देख,” दाजी सांगायचे. आधी खिळा बघ, मास्टरला नंतर भेट. त्यांचा स्वतःचा कप दांडीचा, स्टीलचा, अक्काच्या लग्नात आमच्या वडिलांनी दिलेल्या भांड्यांतला. त्यावर वडिलांचं नाव कोरलेलं होतं. वडील गेल्यावर मिलमध्ये रोज त्या नावाखाली उभं राहून मी चहा प्यायचो.

माझं लग्न ठरत होतं त्या वर्षीची गोष्ट. मुलगी आमच्याच भागातली, आता ती माझी बायको आहे. तिच्या वडिलांची एकच अट होती, मुलाची सुरतेतली नोकरी कायम पाहिजे. सुपारी आखाजीला गावी फुटायची होती. त्याच सुमारास ओडिशाहून आलेला बिपिन नावाचा माणूस मास्टरनं माझ्या शेजारी उभा केला. ‘जरा देखने दो.’ मी दाजींच्या शिकवणीप्रमाणे त्याला काम दाखवत होतो, पण मनात चरफडत होतो. रजा मागायला गेलो तेव्हा मास्टर चक्क हसला. एरवी दोन दिवसांच्या रजेसाठी तासभर ऐकवणारा माणूस म्हणाला, “जाव ने भाई, शांतिथी आवजो.” सावकाश या. मी उड्या मारत गाडीत बसलो आणि दाजींना सांगितलं. भेस्तानला उतरताना ते म्हणाले, “सुभाष, तू यंदा गावले जाऊ नको.”

घरी मी आवाज चढवला. नोकरी जाईल म्हणून जायचं नाही आणि गेलो नाही तर सुपारी मोडेल, मग ही नोकरी ठेवायची कशाला? अक्का चुलीसमोरून उठून आली. दाजी शांतपणे जेवत होते. सुपारीला नवरा मुलगा लागतोच असं नाही, वडीलमाणूस लागतं, ते म्हणाले. वडिलांच्या जागी मी जातो, बोलणी करतो, तारीख काढून येतो. “आनि तुमनी नोकरी?” मी विचारलं. तेव्हा ते हसले. “जुना मानूसले कोन हात लावस रे?” मला ते पटलं. ते खरोखरच जुने होते, त्यांच्याशिवाय स्टेंटर चालेल अशी मला कल्पनाही करता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर मास्टरला सांगितलं, “मेरा साला नहीं जाएगा, मैं जाऊंगा.” मास्टर त्यांनाही तेच म्हणाला… शांतिथी आवजो.

दाजी गेले. दोन-तीन दिवसांनी चहाच्या वेळी माझं लक्ष गेलं, त्यांच्या खिळ्यावर दुसराच कप होता. निळा, प्लास्टिकचा. बिपिन त्यांच्या जागी उभा राहत होता आणि स्वतःच्या कपातून चहा पीत होता. माझं डोकं फिरलं. मी त्याला विचारलं, दाजींचा कप कुठे टाकलास? तो बिचारा घाबरून म्हणाला, “कील खाली थी भाई, तो टांग दिया.” मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. मास्टरनं फेकायला लावला असणार, हे मी धरून चाललो. गावी फोन करून दाजींना लगेच निघायला सांगितलं. ते म्हणाले, बोलणी अर्ध्यावर टाकून कसा येऊ? सगळी लग्नसराई उरकून, माझ्या लग्नाची तारीख पक्की करूनच ते परतले. तोवर त्यांचं नाव हजेरीतून गेलेलं होतं. यंत्रावरच्या आम्हा दोघांतला एक काढून तिथे बिपिनला घ्यायचं होतं, ते झालं. ते दारातूनच परत फिरले, आत येऊन खिळाही बघितला नाही. मी मागे धावलो. “मन्हं वाचनं चुकनं,” ते म्हणाले. माझा अंदाज चुकला.

पुढे भेस्तानातच एका छोट्या कारखान्यात ते घड्या घालायच्या कामाला लागले. साड्यांच्या घड्या, दिवसभर बसून. स्टेंटरसमोर ताठ उभा राहणारा माणूस हळूहळू पुढे वाकत गेला. घरात आम्ही सगळेच त्यांची चेष्टा करायचो, जगाचं भविष्य सांगणाऱ्या ज्योतिषाला स्वतःचंच दिसलं नाही म्हणून. मुलं करायची, माझी बायकोसुद्धा करायची. ते हसायचे, कधी चिडले नाहीत. रविवारी ओट्यावर लोक यायचेच सल्ला विचारायला. कोणाला सेठ बोलत नाही, कोणाला सेठ फारच बोलतो. मी आजही त्याच मिलमध्ये आहे. दुसरं यंत्र शिकलो, मग तिसरं, आता खात्याचा सुपरवायझर आहे. माझ्या हाताखालच्यांवर मी भरपूर ओरडतो. ते वैतागतात, पण ज्या दिवशी मी गप्प बसेन त्या दिवशी त्यांनी घाबरावं, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

गेल्या रविवारी अक्काकडे गेलो होतो. ती एकटीच होती, फळीवरची भांडी खाली काढून पुसत बसली होती. भांड्यांत तो कप होता. दांडीचा, स्टीलचा, वडिलांचं नाव थोडं झिजलेलं. मी उचलून बघतच राहिलो. हा तुला कुठे सापडला, मी विचारलं, हा तर मिलवाल्यांनी फेकला होता ना? पुसणं न थांबवता अक्का म्हणाली, “कोनी फेका नही, भाऊ. गाव जावाना आदला रोज त्यासनी डबानी पिशवीमाईन काढा. मी म्हनं, हाऊ घर का बरं लई उनात? तं म्हनेत, आते तठे त्यानं काय काम शे?” गावी जाण्याच्या आदल्या दिवशी दाजींनीच तो घरी आणला होता, आता तिथे त्याचं काय काम म्हणून… म्हणजे खिळा खरंच रिकामा होता. बिपिन खोटं बोलला नव्हता. दोघांतला एक जाणार हे दाजींना दिसलं होतं आणि कोणी जायचं ते त्यांनी जेवताना ठरवून टाकलं होतं. “माले म्हनेत, सुभाषले सांगू नको,” अक्का म्हणाली. “नही सांगं.” तिनं एवढी वर्षं आमची चेष्टा शेजारी बसून ऐकली होती. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

थोड्या वेळानं ती उठली, चहा टाकला. गाळून झाल्यावर तिनं कपबशीच्या फळीकडे हात नेला, थांबली, आणि तो स्टीलचा कप विसळून त्यातच चहा ओतला. कप माझ्यापुढे ठेवला. गेलेल्या माणसाच्या कपातून चहा कोण पितो, ही आमच्या खात्यातली रीत तिला दाजींनीच कधीतरी सांगितली असणार. दांडी पोळत होती. मी कप दोन्ही हातांनी धरला आणि इतकी वर्षं बदलीवर असलेल्या माणसासारखा तो चहा प्यालो.