काकूंनी उजवलेल्या गोष्टी

आमच्या ओट्यावर किस्से कुणी ठरवून आणत नाही. केजला मोंढ्याच्या मागच्या गल्लीत शैलाताईंचं किराणा दुकान आहे. तिथल्या ओट्यावर आम्ही बायका दुपारी गहू निवडायला बसतो, आणि खड्यांबरोबर किस्सेही निघत राहतात. खडे टाकून देता येतात, किस्से साठतात. यंदा बघितलं तर निम्मे किस्से एकाच गोष्टीचे निघाले: कुणी काय सोडलं. आणि त्या सगळ्याचं मूळ आमच्या रुक्मिणकाकू.

*

काकूंचे आठवड्यात तीन उपास. वर चतुर्थी, एकादशी वेगळ्या. मग शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, "काकू, देवाशी मी बोलतो. तुम्ही वेळेवर गोळी घ्या आणि वेळेवर जेवा."

काकू ऐकेनात. उपास असा मधेच टाकून देता येतो होय? शेवटी त्यांनी रीतसर उद्यापन केलं. एक जोडपं जेवू घातलं, नारळ ठेवला आणि देवाला सांगितलं, "इतकी वर्षं केलं. आता झेपत न्हाई. गोड मानून घे."

बाहेर येऊन आम्हाला म्हणाल्या, "सोडलं म्हणू न्हाई गं. उजवलं म्हणावं."

पुढच्या सोमवारी मी विचारलं, कसं वाटतंय? "भाकर लई गोड लागली," म्हणाल्या.

*

मग शैलाताई. दर उन्हाळ्यात मनगट सुजेपर्यंत कुरडया करायच्या आणि पुण्याला मुलाकडे डबा धाडायच्या. एकदा स्वतःच पुण्याला गेल्या, तर माळ्यावर मागच्या दोन्ही वर्षांचे डबे तसेच. सुतळीची गाठसुद्धा ह्यांनीच मारलेली. परत आल्या आणि ओट्यावर बसून रडल्या.

काकूंनी त्यांना समजावलं नाही. कुरडयांचा सोऱ्या आणायला लावला, त्याला हळदकुंकू वाहायला लावलं आणि माळ्यावर ठेवून दिला. चैत्रात मुलाचा फोन आला, "आई, यंदा कुरडया कधी?"

"उजवल्या," शैलाताई म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाची साखर बांधायला लागल्या.

*

पण सगळंच सोडून भागत नाही. त्या यशानं शैलाताईंना हुरूप आला आणि त्यांनी चहा सोडला. चौथ्या दिवशी त्यांचे मालक, नागनाथअप्पा, हातात नारळ घेऊन काकूंच्या दारात.

"काकू, सोडलेलं परत धरायचा काई विधी हाय का? दुकानात गिऱ्हाईक यायला भ्यायलंय!"

*

माझं पण सांगते, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचंच सांगते. मी ब्लाऊज शिवते. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग आले तशी गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवता शिवता माझी मान अवघडून जायची, आणि वर स्वतःलाही नऊ रंग जमवायचे. जावेची साडी, बहिणीची साडी, करता करता जीव मेटाकुटीला यायचा.

काकूंनी विचारलं, "तुला आवडतंय का ते?"

"न्हाई."

"मग कावून करतीस?"

चार वर्षं मी हे करत होते आणि कावून, ते ठाऊक नव्हतं. त्या वर्षी करड्या रंगाच्या दिवशी मी माझी हिरवी साडी नेसून गेले. कुणी काही बोललं नाही. फोटोत सगळ्या करड्या आणि मी एकटी हिरवी. पण नवरात्राच्या सगळ्या फोटोंत त्या एकाच फोटोत मी हसलेली आहे.

*

आता शेवटचा. काकूंनी उपास उजवले, तरी एक गोष्ट राहिली होती. त्यांचे मालक, अण्णा, शेती मुलाकडे सोपवल्यापासून स्टँडसमोरच्या हॉटेलात राजकारण बोलत बसतात. घरी यायला कधी दोन, कधी तीन. आणि लग्न झाल्यापासून काकू त्यांच्याआधी जेवलेल्या नाहीत.

एका दुपारी ओट्यावर काकूंच्या हातातून सूप निसटलं. अंग घामानं भिजलेलं, बोलता येईना. आम्ही घाबरून तोंडात साखर घातली. सावरल्यावर पहिलं वाक्य, "अण्णांला सांगू नका."

मी चिडले. "काकू, हे पण उजवा आता."

"ते काय व्रत हाय व्हय उजवायला?"

"मग काय हाय?"

काकू सांडलेले गहू गोळा करत राहिल्या.

पुढच्या गुरुवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. साडेबाराला, पुरणपोळी. कशाचं उद्यापन, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "बसा आधी." ताटं मांडली तर एक जास्तीचं होतं. त्या ताटावर काकू स्वतः बसल्या. पहिला घास हातात धरून दाराकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता उठतील. पण खाल्ला.

अण्णा सव्वादोनला आले. आम्ही बडीशेप खात होतो. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग मोरीतल्या ताटांकडे. काकूंनी त्यांना वाढलं. ते खाली मान घालून जेवले, हात धुतला, आणि तसेच उभे राहून म्हणाले,

"उद्या कितीला बसणार हायेस?"

"साडेबाराला. गोळी असती."

अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "हे धा मिंटं मागं हाय," म्हणाले, आणि स्टूल ओढून वर चढले.