पाइप वाढवणार नाही

देवानंद इंगळे मूळचे जानेफळचे. पंचायत समितीत हातपंप दुरुस्त करणारे मिस्त्री होते, आणि त्यांची जवळजवळ सगळी नोकरी घाटातल्या गावांत गेली. अंगाने किरकोळ, आवाज मात्र डोंगरापलीकडे जाईल असा. मोटरसायकल चढेल तिथवर न्यायची, पुढे पाने आणि पाइप खांद्यावर. कुणाच्याही घरी जेवायला बसले की आधी ठेचा मागत, आणि तो तिखट नसला तर तसं तोंडावर सांगत.

सालईवाडी हे चाळीस घरांचं गाव कड्याला चिकटून आहे. तिथला एकुलता एक हातपंप देवानंदभाऊंनीच बसवलेला. पाणी खाली गेलं की दोन-तीन उन्हाळ्यांनी एक पाइप वाढवावा लागे. मग तो दरवर्षी लागू लागला. पाऊस तसा कमी झाला नव्हता. पण आधी चार महिने मुरत पडणारा पाऊस आता चार-सहा दिवसांत कोसळायचा आणि कड्यावरून सरळ खाली निघून जायचा.

एका मार्चमध्ये त्यांनी पंप उघडला, पाणी किती खाली गेलं ते पाहायला दोरीला दगड बांधून आत सोडला आणि पाना खाली ठेवला.

"मी पाइप वाढवणार नाही."

"काऊन? आणला नाही काय?" सरपंच उत्तमरावांनी विचारलं.

"आणलाय. पण खाली एका पाइपापुरतीच जागा राह्यली. तो टाकला का बोअरचं बूड. मंग काय करसान? डोंगरावर पाणी अडवा, मंग मले बोलवा."

लोक चिडले. कुणी तक्रार करू म्हणालं. तेवढ्यात सत्तरीच्या गोजरबाई दोन रिकाम्या घागरी घेऊन आल्या आणि त्या पंपाखाली मांडल्या. देवानंदभाऊंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पाइप जोडायला घेतला.

"हा शेवटचा," ते म्हणाले. "आता दर रविवारी मी टिकास घेऊन येतो. कोणी आलं तं ठीक, नाही तं मी एकटा खोदतो."

पहिल्या रविवारी सात माणसं आली. जूनपर्यंत उतारावर आडव्या चरांच्या सहा ओळी झाल्या. जुलैत एका दुपारी असा पाऊस झाला की चर फुटले आणि सगळी माती गोजरबाईंच्या कोवळ्या तुरीवर जाऊन बसली.

देवानंदभाऊ मान खाली घालून त्यांच्या दारात गेले. "माय, माह्याच्यानं तुह्यी तूर गेली."

"तूर गेली ते मले दिसते," गोजरबाई म्हणाल्या. "पण पाणी कुठून आलं, ते तू पाह्यलं काय? चाल."

लहानपणापासून त्यांनी त्या डोंगरावर शेळ्या चारल्या होत्या. सालईच्या झाडांमागे त्यांनी एक सपाट तुकडा दाखवला. तिथल्या खडकाला भेगा होत्या. तिथे दिवाळीपर्यंत शेळ्यांचे खूर रुतायचे, म्हणजे पाणी तिथेच मुरायचं. चर मात्र त्याच्या कितीतरी खाली खोदले गेले होते.

"पाणी वरतून थांबवत यावं लागते, बाप्पा. तुमी बुडातून सुरुवात केली."

देवानंदभाऊ उकिडवे बसले आणि त्या भेगांत बोटं घालून पाहू लागले. तीस वर्षं ते पाणी खालून वर ओढत आले होते. ते आत कुठून शिरतं हे त्यांनी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

त्या हिवाळ्यात गोजरबाई घरोघर फिरल्या. तूर त्यांची गेली होती, त्यामुळे त्यांना नाही म्हणणं कुणाला जमेना. उत्तमरावसुद्धा दगड वाहायला आले. सपाटीच्या वर दगडी बांध रचले गेले, मग खाली नवे चर. पुढच्या पावसाळ्यात एकच बांध ढासळला, बाकी टिकले.

मे महिन्यात देवानंदभाऊंनी पुन्हा दोरी सोडली. दगड लवकर बुडाला. पाणी दोन पाइपांइतकं वर आलं होतं. दुपारनंतर पंप अजूनही दमतो, पण त्या उन्हाळ्यात आधीसारखं कुठल्याही बाईला घागर घेऊन दरीत उतरावं लागलं नाही. भाऊ ओट्यावर बसले आणि सगळ्यांसमोर रडले. कुणी त्यांना गप्प केलं नाही.

आता ते निवृत्त आहेत. शेजारच्या डोंगरावरच्या गावांतून बोलावणं आलं की मोटरसायकलवर मागे गोजरबाईंना बसवून निघतात. त्या त्यांचा खांदा घट्ट धरतात आणि सबंध रस्ताभर ओरडतात, "हळू चालव, देवानंद! मले अजून लय डोंगर पाह्याचे हायत."