आतला कोण बोलतोय?

लोकांना बोलायला शिकवायचा उद्योग केला की किस्से साठतातच. मी श्रीवर्धनला समुपदेशन करते. दर गुरुवारी बायकांचा गट घेते. विषय भारदस्त: ट्रान्झॅक्शनल ॲनालिसिस. म्हणजे माणूस बोलतो तेव्हा त्याच्या आतला पालक बोलतोय, प्रौढ की बालक, ते ओळखायचं.

पहिल्याच दिवशी फळ्यावर तीन वर्तुळं काढली. वर पालक, मध्ये प्रौढ, खाली बालक. निवृत्त मुख्याध्यापिका शुभदाताई म्हणाल्या, "मधलं पुसलंत तरी चालेल. आमच्या घरी लागत नाही!"

*

घर म्हणजे त्या आणि त्यांचे थोरले भाऊ. सुपारीची वाडी वडिलांची, हुकूम दादांचा. महिन्याभरात दादा माझ्या दारात.

"काय शिकवता हो? शुभी उलट बोलायला लागली!"

"उलट नाही, सरळ बोलतात. तुम्हाला सवय नाही."

*

गटातल्या नसीमाचा नवरा कुवेतला. रोज व्हिडिओ कॉलवर उलटतपासणी. "कुठे गेली होतीस? कोणाला विचारून?" ही रोज रडकुंडीला यायची. एकदा शांतपणे म्हणाली, "बाजारात गेले होते. कोणाला विचारलं नाही. तुम्ही जेवलात?"

त्याने चेहरा स्क्रीनजवळ आणला. मग, "नसीमा... तुझी तब्येत बरी आहे ना?"

*

एकदा शुभदाताईंनी विचारलं, "वाडीत गडी टिकत नाहीत, काय करू?" आम्ही उपाय सुचवतोय आणि त्या प्रत्येकाला "हो, पण..." शेवटी नसीमा वैतागली. "ताई, तुम्हाला उपाय नकोय. आम्हाला हरवायचंय!"

सगळ्यात मोठ्याने हसल्या त्या शुभदाताईच.

*

आणि मग तो रजिस्ट्रार ऑफिसातला दिवस. दादांनी हक्कसोडपत्र तयार करून आणलं होतं. ताईंनी वाडीतला हिस्सा सोडायचा. सोबतीला मी आणि नसीमा. दादांनी पेन त्यांच्या हातात कोंबलं.

"शुभे, कर सही."

ताईंनी कागद वाचला. "दादा, हिस्सा सोडल्यावर मी राहायचं कुठे?"

"असले प्रश्न लहानांनी विचारायचे नसतात!"

सगळं ऑफिस बघत होतं. ताईंनी सावकाश पेनाला टोपण लावलं आणि ते दादांच्या खिशात अडकवलं.

"मग लहान शुभी आली की तिची सही घे. मी निघते. मला माझ्या वाडीला पाणी लावायचंय."