तोफेनं ‘थांबा’ म्हटलं तेव्हा

सामान हलवणाऱ्या टोळीत त्याला सगळे तोफ म्हणतात. अंगापिंडानं माणूस मध्यम. आवाज मात्र तीन मजले चढतो आणि त्या आवाजात जे असतं ते सगळंच वर्तमानपत्रात छापता येत नाही.

जे छापता येतं त्यातलं थोडं असं. ‘च्यायला’ म्हणजे उचला. ‘भडव्यांनो’ म्हणजे आहात तिथे, आहात तसे थांबा. बाकीच्या शब्दांना ठरलेला अर्थ नाही. ते वंगणासारखे मधेमधे पडत राहतात. टोळीत दोघेच आणखी: एक त्याचा मेहुणा आणि दुसरा लंबू. त्या दोघांना तोफेनं कधी रागानं शिवी दिल्याचं आठवत नाही.

ही पद्धत त्यानं काढलेली नाही. ज्या उस्तादाकडे तो काम शिकला, त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. उरलेली एका तिजोरीखाली गेली. खालून तो ‘अरे धरा, धरा’ म्हणत होता आणि वरचे ‘काय धरू, कुठं धरू’ विचारत होते. साधा शब्द ऐकला की माणूस विचार करायला लागतो, शिवी ऐकली की जागच्या जागी थबकतो, हे उस्तादाचं मत तेव्हापासूनचं. “वेळ असेल तर गोड बोल,” तो सांगायचा, “जिन्यावर वेळ नसतो.”

घरात तोफ शिवी देत नाही. चपलांबरोबर तीही दाराबाहेर ठेवून येतात, असं त्याची बायको सांगते. तो चिडला की उलट अदबीनं बोलतो. “‘आपण जेवून घ्यावं’ असं म्हणाले की मी ओळखते, आज कुठंतरी बिनसलंय.”

बिनसण्याचं कारण अलीकडे एकच होतं. एका गिऱ्हाइकानं तक्रार केली की लहान मुलांसमोर यांची भाषा ऐकवत नाही. तक्रार खोटी नव्हती. मालकानं तोफेला बोलावून सांगितलं, “पुन्हा असा फोन आला तर तुझा जिना बंद. गोदामात बसून खोक्यांना चिकटपट्टी लावायची.” तोफ ‘बरं’ म्हणाला. चिकटपट्टी लावायला काय हरकत आहे, असं कोणाला वाटेल. पण जिन्यावरच्या माणसाचा पगार वेगळा असतो आणि मानही.

त्यानंतरचं पहिलंच काम एका निवृत्त बाईंचं होतं. एकट्या राहणाऱ्या, तिसऱ्या मजल्यावर घर घेतलेलं. त्यांनी आधीच मालकाला बजावलं होतं, “माणसं सभ्य पाठवा.”

सकाळी टेबल उचलताना तोफेच्या तोंडून ‘च्या’ एवढंच निघालं. पुढचं त्यानं गिळलं आणि म्हणाला, “चला.”

“दाजी,” मेहुणा म्हणाला, “तब्येत बरी आहे ना?”

लंबू हसायला लागला आणि टेबल खाली ठेवावं लागलं. बाई पायऱ्यांशीच उभ्या होत्या.

“शिवीशिवाय सामान हलत नाही का तुमचं?”

“हलतं,” तोफ म्हणाला. “थांबत नाही.”

मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. थांबण्याचा शब्द सांगायची वेळ आली तेव्हा घुटमळला. मेहुण्यानं तो सांगून टाकला.

“एवढं लाजू नका,” बाई म्हणाल्या. “मी कोर्टात टायपिस्ट होते. साक्षीत माणूस जे बोलला ते जसंच्या तसं टाइप करायचं. तुम्हाला येत नसतील एवढ्या शिव्या या बोटांनी टाइप केल्यात. तोंडातून एक काढली नाही.”

“मग आम्ही काय म्हणायचं?”

“‘थांबा’ म्हणा. चांगला शब्द आहे.”

तोफेला ते पटलं नाही, पण गोदामही डोळ्यांसमोर होतं. त्यानं मान हलवली. त्या क्षणी एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. ‘थांबा’ हा शब्द तोफ रोजच वापरत होता, पण गिऱ्हाइकांसाठी. ‘थांबा बाई, मधे येऊ नका.’ ‘थांबा काका, काच आहे.’ टोळीतल्या दोघांचे कान त्या शब्दाला बंद व्हायला शिकले होते. अहो-जाहो म्हणजे ते आपल्यासाठी नाही.

लोखंडी कपाट लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्यानं निघालं. वर मेहुणा आणि लंबू पट्टे ओढत, खाली छातीनं रेटा देत तोफ. मागून बाई भिंतीवरचं घड्याळ पोटाशी धरून. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट फिरलं आणि तोफेचा उजवा हात कपाट आणि कठड्याच्या मधे आला.

“थांबा,” तो म्हणाला.

वरचे ओढत राहिले. बाई तेवढ्या थांबल्या.

“अहो, थांबा!”

“बाई, दाजी काय म्हणतात ऐका, थोडं मागं राहा,” वरून मेहुण्यानं बजावलं आणि पट्ट्याला आणखी एक हिसका दिला.

कपाटाचा सगळा भार आता तोफेच्या छातीवर होता. तिसऱ्यांदा बोलायला त्याच्याकडे श्वास उरला नव्हता. ओठ हलले, आवाज फुटला नाही. वळणामुळे बाईंना त्याचा चेहरा बाजूनं दिसत होता आणि कठड्याशी चेपत चाललेला पंजा दिसत होता.

“भडव्यांनो!” बाई ओरडल्या.

कपाट थांबलं. तळमजल्यावरचं एक दारही उघडलं.

“मागं घ्या! मागं!” हे मात्र त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं, आणि आता ते ऐकलं गेलं. कपाट वीतभर मागं आलं, हात सुटला. दोघांनी कपाट वळणावर टेकवलं आणि खाली उतरले. तोफ पायरीवर बसला होता. अंगठा हलला. मग एकेक करून बाकीची बोटं हलली. करंगळीला वेळ लागला, पण तीही मिटली आणि उघडली. चामडी सोलली होती, हाड शाबूत होतं. लंबूनं पुन्हा मूठ मिटायला लावली, मग पुन्हा. तोफेनं खोल श्वास घेतला आणि मेहुण्याला एक शिवी दिली. सकाळपासून पहिल्यांदाच ऐकल्यामुळे मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बोला दाजी, आणखी बोला,” तो म्हणाला.

बाई घड्याळ घेऊन तशाच उभ्या होत्या. “जमलं की मला,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

दुपारी मालकाचा नेहमीचा फोन आला. माणसं नीट वागली का?

“उत्तम,” बाई म्हणाल्या.

“आणि भाषा?”

“एकदाच खराब झाली. ती माझी होती.”

मालकाला काही कळलं नाही, पण तक्रार नाही एवढं कळलं. फोन ठेवून बाई बाहेर आल्या. तोफेनं हाताला ओलं फडकं गुंडाळलं होतं.

“दुसरं कपाट राहिलंय ना? तुमच्याच भाषेत आणा. मी आत जाऊन दार लावून घेते.”

त्या आत गेल्या. खालून ‘च्यायला’ ऐकू आलं, कपाट उचललं गेलं आणि पायरी पायरी चढत वर आलं. दार लावायचं मात्र त्यांच्याकडून राहून गेलं.