क्रमपाळीनं आलेली दोन दारांची गाडी

दादा गेल्याचं गावातल्या सर्जेरावांनी फोनवर सांगितलं. "बाई, दिगंबरदादा गेले. झोपेतच गेले," एवढंच म्हणाले, सभेत ठराव वाचावा तसं सपाट. आता दीड महिना होत आला. लोक भेटायला येतात, चेहरा पाडून बसतात आणि थोड्याच वेळात गाडीचा विषय काढून हसायला लागतात. मला त्याचा राग येत नाही. माझा भाऊ रडत आठवण्यातला माणूसच नव्हता.

तेलगावजवळच्या आमच्या गावात तो आधी ट्रॅक्टरवाला म्हणून माहीत होता. ट्रॅक्टर नंबर लावून मिळायचे त्या काळात हा नंबर लावायचा आणि ट्रॅक्टर आला की गरजवंताला विकायचा. पुढं जीपगाड्या केल्या, मग पुण्यातल्या जुन्या परदेशी मोटारी. आणि साठी उलटल्यावर त्याच्या डोक्यात शिरल्या त्या मुंबईतल्या बुटक्या, दोनच माणसं बसतील अशा शर्यतीच्या गाड्या. अख्ख्या देशात मोजक्या येतात. नुसते पैसे असून भागत नाही. डीलरकडची न खपणारी गाडी आधी घ्यायची, मग नव्या गाडीसाठी तुमचा नंबर. मी म्हटलं, "दादा, या वयात हे काय खूळ?" तर म्हणतो, "खूळ कावून, शके? आपल्या कारखान्याची ऊसतोडच हाय ही. नोंद करायची, क्रमपाळी धरायची, आन् मधी कुणी घुसला तर हटायचं न्हाई."

त्याच साली दुष्काळ पडला. ऊस उभ्या उभ्या वाळला, कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही, गावाला टँकर लागला. अशात या गृहस्थानं एका नव्या गाडीचा नंबर लावला, आणि तोही एकट्यानं नाही. कारखान्याला सभासद असतात तसे त्यानं गाडीला सभासद केले. मोठा भार त्याचाच, पण सर्जेरावांनी बैल विकून आलेले पैसे घातले, कांबळे गुरुजींनी पेन्शनीतले, मी माझ्या पाटल्या मोडल्या. न खपणारी गाडी घेऊन ती घाट्यात विकूनही झाली. आता तो घाटा भरून निघणार होता तो नवी गाडी चढ्या भावानं विकूनच. ती मिळाली नसती तर दादाच्या शब्दावर हात मोकळे केलेली सगळी घरं उघडी पडली असती. माझी जाऊ मला तोंडावर वेडी म्हणाली. मी तिला उत्तर दिलं खरं, पण जीव टांगणीलाच लागला होता.

आणि नेमका शोरूमच्या मॅनेजरचा फोन आला. एका बड्या बिल्डरला ती गाडी हवी आहे, तुम्ही जरा थांबा. दादानं आवाज चढवला नाही. आमच्याकडं कारखान्यानं कुणाची पाळी डावलली की सगळे मिळून शेतकी ऑफिसात जाऊन नुसते बसतात. भांडत नाहीत आणि उठतही नाहीत. त्यानं सगळ्या सभासदांना जीपगाड्यांत घालून मुंबईला नेलं. मीही होते. शोरूमची ती लखलखीत फरशी बघून आमच्या माणसांनी मुकाट्यानं वहाणा दाराबाहेर काढल्या. तो ढीग बघून आत काही पूजा आहे असं वाटून एका सुटाबुटातल्या गिऱ्हाइकानंही बूट काढले. आम्ही पांढऱ्या सोफ्यांवर, जागा संपल्यावर खाली, ऐसपैस बसलो. थोड्या थोड्या वेळानं एकेक जण उठून मॅनेजरला अदबीनं विचारायचा, "साहेब, आमचा नंबर लागला का?" मॅनेजर घामाघूम. "अहो, गाडी नक्की कोणाची?" दादा म्हणाला, "नाव माझं हाय, गाडी ह्यांची हाय."

शेवटी वरून खुद्द मालक उतरले. दादा त्यांना एवढंच म्हणाला, "तुमची कुणी घेत नव्हतं ती गाडी आमी घेतली. तवा तुमी शब्द दिलता." मालकांनी मॅनेजरकडं पाहिलं, मॅनेजरनं फरशीकडं. "द्या यांना," मालक म्हणाले, "पण वर्षभर विकायची नाही. आणि विकाल तेव्हा आमच्यामार्फतच." दादा सोफ्यावर मागं रेलला. "वर्षाचं काय घेऊन बसलात साहेब? आमी आडसाली ऊस अठरा महिने सांभाळतो." त्या क्षणी मला माझ्या भावाचा जो अभिमान वाटला, तो आजही तसाच आहे.

गाडी ट्रकमधून आली. मांजरसुंब्याला उतरवून तिथून स्वतः चालवत न्यायचा त्याचा हट्ट, आणि पहिल्याच गतिरोधकावर ती पोटावर अडकली. मग ढाब्यावरच्या फळ्या घालून मंडळींनी तिला पलीकडं काढलं, आणि पुढं गावापर्यंत प्रत्येक उंचवट्याला तोच सोहळा. आमच्या रस्त्यांवर तिला पळवणार कुठं? तर कारखान्याचं यार्ड त्या वर्षी ओस पडलं होतं. ना उसाची एक गाडी, ना बैल. चेअरमननी आपल्यालाही फेरी मिळायच्या बोलीवर परवानगी दिली. तिथं वर्षभर, दर रविवारी, दादा एकेका सभासदाला शेजारी बसवून फिरवायचा. क्रमपाळीनं, बरं का, चेअरमनसुद्धा रांगेत. गुरुजी उतरले तेव्हा त्यांची टोपी कुठंतरी मागं उडालेली. "लई झाक," म्हणाले आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. दुष्काळातलं वर्ष होतं ते, पण त्या यार्डात मी जेवढं हसणं ऐकलं तेवढं चांगल्या पावसाच्या सालीही ऐकलेलं नाही.

वर्ष सरलं. शोरूममार्फत गाडी घेतली ती त्याच बिल्डरनं, चांगले चढे पैसे मोजून. सगळ्यांचे पैसे नफ्यासकट घरपोच झाले. सर्जेरावांच्या दारात पुन्हा देवणी बैलांची जोडी आली. मी नव्या पाटल्या घालून मुद्दाम जावेकडं हळदीकुंकवाला गेले.

गेल्या आठवड्यात सभासद दादाच्या ओट्यावर जमले. पुढच्या एका गाडीचा नंबर त्याच्या नावावर लागलेला आहे. तो सोडायचा नाही हे विचारायच्या आधीच ठरलं होतं. दादाच्या मागं दुसरं कुणी नाही, तेव्हा वारस म्हणून माझी सही घेतली. मग गाडी चालवणार कोण, हा प्रश्न निघाला. मी म्हटलं, "मी."

"तुमाला येती का, बाई?" सर्जेरावांनी विचारलं.

"न्हाई. पण तवर शिकते."

रोज सकाळी दादाच्या जीपवर शिकते आहे. तो उंच होता, त्याची सीट पार मागं सरकवलेली. माझे पाय पोचत नाहीत. सर्जेराव ती पुढं ओढायला वाकले, तर मी त्यांचा हात धरला. पाठीशी दोन उशा घेते आणि क्लच दाबते.