दुसऱ्यांदा येतं ते गिऱ्हाईक

माझं गिऱ्हाईक माणूस नाही, एजंट आहे, असं मी अप्पांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "विम्याचा?"

माझा पारा चढायला एवढं पुरतं. तरी मी समजावून सांगितलं. एजंट म्हणजे एक सॉफ्टवेअर, मालकानं सोपवलेली कामं आपली आपण करणारं. कुणाच्या लग्नपत्रिका करतं, कुणाच्या दुकानाची जाहिरात. त्याला चित्र लागलं की ते माझ्या टूलकडे येतं, आपण कोण आणि काय हवं ते लिहून सांगतं, एका चित्राचे पैसे तिथल्या तिथं भरतं आणि एआयनं काढलेलं चित्र घेऊन जातं. महिन्याची वर्गणी नाही, खातं उघडायची भानगड नाही. जेवढी चित्रं तेवढे पैसे.

"म्हंजी रोखीचं गिऱ्हाईक," अप्पा म्हणाले. "चांगलंय की मग."

अप्पा, म्हणजे माझे वडील, शहागंजातल्या एका साड्यांच्या दुकानात तीस वर्षं सेल्समन आहेत. मी बजाजनगरात दोन खोल्यांच्या घरात राहते. स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी टेबल टाकून मी हे टूल बांधलं होतं. पुण्याच्या एका कंपनीनं मला नोकरी देऊ केली होती आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलं होतं. नवऱ्याची नोकरी वाळूजला, चार वर्षांची लेक इथल्याच बालवाडीत. मी गेले असते तर घराचे दोन तुकडे झाले असते, आणि लेक कुठल्या तुकड्यात राहणार हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं. मला जायचं नव्हतं. पण टूल चालत नव्हतं.

एजंट यायचे, नाही असं नाही. एक चित्र घ्यायचे आणि पुन्हा तोंड दाखवायचे नाहीत. त्यांनी पैठणी नेसलेली नवरी मागावी आणि माझ्या टूलनं तिला चमचमता घागरा घालून उभी करावी. माणूस असता तर निदान भांडला असता. हे मुकाट निघून जायचे. इतकं सभ्य गिऱ्हाईक मला परवडत नव्हतं.

दुकानाच्या सुट्टीला अप्पा घरी आले तेव्हा मी हे सगळं त्यांच्यापुढे ओतलं.

"पहिल्यांदा येतं ते चुकून बी येतं," अप्पा म्हणाले. "दुसऱ्यांदा येतं ते गिऱ्हाईक. एक तरी परत आलं का?"

"नाही."

"तू आधी माल दाखवतीस का?"

"पैसे भरले की दिसतोच की."

अप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "पैसे घेऊन मग दाखवायचं? साडी हाय का लॉटरी?"

मी चिडले. चित्रागणिक मला मशीनचं भाडं पडतं, फुकट दाखवत बसले तर दिवाळं निघेल, असं बरंच बोलले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"घडी मोडायला जिवावर येतंच," ते म्हणाले. "पण घडी घालायचं काम आपलं हाय, गिऱ्हाइकाचं नाय."

त्यांची रीत मला पाठ होती. आम्ही भावंडं डबा घेऊन दुकानात जायचो तेव्हा पायरीशीच उभी राहायचो. पांढरी गादी गिऱ्हाइकाची. अप्पा कुठल्याही साडीला हात लावायच्या आधी तीन गोष्टी विचारायचे: कुणासाठी, कुठल्या कार्याला, वय किती. मग एकेक साडी उलगडायची. चाळीस साड्यांचा ढीग पडला तरी कपाळावर आठी नाही. बाई काहीच न घेता उठली तरी "परत या, ताई."

मी आठवडाभर खपून टूल तसंच करून घेतलं. आधी तीन प्रश्न. मग चार लहान नमुने, फुकट. त्यातला पसंत पडला तर पैसे, आणि मग मोठं चित्र.

झालं! एजंटांची नुसती रीघ लागली. बघायचे आणि जायचे. घ्यायचं कुणीच नाही. माझ्यात अप्पांचं धीराचं रक्त थेंबभरही नसावं. चौथ्या दिवशी सकाळी मी संतापून टूलमध्ये एक नियम घातला: तीनदा बघून जो घेणार नाही त्याला दार बंद. आणि संध्याकाळी मोठा पराक्रम केल्यासारखा अप्पांना फोन केला.

"आठी घातलीस व्हय कपाळाला?" ते म्हणाले. "अगं, लग्नाचा बस्ता काय तीन साड्यांत उरकतो? लई बघणारी बाईच लई घेती."

फोन ठेवून मी नोंदी उघडल्या. लग्नपत्रिकांचं काम करणारा एक एजंट तीनदा बघून गेला होता, आणि सकाळपासून बंद दारावर चारदा थाप मारून परतला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बस्ता बांधायला आलेल्याला मी पायरीवरून हाकललं होतं. तो नियम मी त्याच क्षणी काढून टाकला.

महिना संपायला दोन दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला. नमुने बघितले. पुन्हा बघितले. पाचव्या खेपेला त्यानं एक नवरी घेतली. नऊवारी पैठणी, नाकात नथ, घागऱ्याचा मागमूस नाही. मी नोंदींसमोरच बसून राहिले. अर्ध्या तासानं तोच एजंट पुन्हा आला आणि नवरदेव घेऊन गेला. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. त्याच्यामागून आधी नुसते बघून गेलेले दुसरेही येऊ लागले. मी ओट्याजवळ एकटीच टाळ्या पिटत होते.

पुण्याला नकार कळवला, बालवाडीतून लेकीला उचललं आणि थेट शहागंज गाठलं. अप्पा एका बाईपुढे साडी उलगडत होते. मी पायरीवरूनच ओरडले, "अप्पा, परत आलं!"

त्यांचा हात थांबला नाही. "तेच का?"

"तेच. चारदा."

समोरची बाई उठेपर्यंत त्यांनी कळ काढली. मग गल्ल्यावर बसलेल्या दुकानमालक शेठकडे वळून म्हणाले, "शेठ, माझ्या पोरीचं गिऱ्हाईक परत आलं." आणि मला म्हणाले, "चप्पल काढ. वर बस."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या गादीवर बसले, मांडीवर लेकीला घेऊन. अप्पांनी विचारलं, कुणासाठी? माझ्यासाठी. कार्य कुठलं? मला रडू फुटलं, सांगताच येईना. वय त्यांनी विचारलं नाही. ढीग लागला, मी एक हिरवी साडी उचलली. शेठ पैसे कमी करायला निघाले तर अप्पांनी त्यांना अडवलं. पूर्ण बिल लावलं, पिशवी माझ्या हातात दिली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "परत या, ताई."